मानपत्राची शेवटची ओळ

लग्न झालं की पोरगी सासरी जाते. आमच्याकडे मी गेलो. साकोलीच्या पुढे तलावाकाठी आमचं गाव. तिथून बैलगाडीत माझी ट्रंक चढली, एक वळकटी चढली, घरच्या तांदळाचं पोतं चढलं आणि पोत्याला टेकून मी बसलो. माझी नवी बायको कुसुम गाडीत नव्हतीच. ती भिलाईला, पोलाद कारखान्याच्या म्हणजे प्लांटच्या दवाखान्यात सिस्टर होती. रजा संपली म्हणून आठ दिवस आधीच परत गेली होती. नवरी कामावर रुजू झाली आणि नवरदेव मागून ट्रंक घेऊन नांदायला निघाला. गावाला यापेक्षा मोठी करमणूक कोणती? शेजारची बायजाकाकी सगळ्यांसमोर आईला म्हणाली, "ओटी भर वो पोराची, रिकामा नको धाडू सासरी." आई हसता हसता रडायला लागली आणि तिने खरोखरच माझ्या हातात नारळ दिला.

बाबा हसले नाहीत. "जाऊन राहिला त जा," ते म्हणाले, "पण बायकोच्या कोटरात राहाशीन, त आवाज खाली ठेवजो." कोटर म्हणजे क्वार्टर. बाबांनी तो कधी पाहिला नव्हता, शेवटपर्यंत पाहिलाही नाही. बैलं हाकत होता माझा मोठा भाऊ नामदेव, माझा दादा. सडकेवर एस.टी. येईपर्यंत तो बैलांशीच बोलत होता. मग ट्रंक टपावर चढवून खाली उतरला आणि म्हणाला, "इकडचं मी पाहातो. तू घोर नको करू." दादाने मला घोर करू नको म्हणून सांगितलं, आणि मी त्या दिवसापासून दुसरं काही केलेलं नाही.

गोंदियाला रेल्वे धरून दुर्गला उतरलो तर कुसुम फलाटावर उभी. पांढऱ्या ड्रेसवर स्वेटर, ड्यूटीवरून सरळ आलेली. बाहेर तिची लुना होती. ट्रंक आणि तांदूळ रिक्षात घातले आणि नवरदेव नारळ धरून बायकोच्या मागे लुनावर बसला. तो रस्ता मला अजून पाठ आहे, कारण रस्ताभर माझ्या डोक्यात एकच होतं: ही मला किती दिवस ठेवून घेईल?

तेव्हा छत्तीसगड झालं नव्हतं, सगळा मध्य प्रदेशच होता. गावात आमचा पत्ता म्हणजे बाबांचं नाव. इथे पत्ता म्हणजे नुसते आकडे. सेक्टरचा आकडा, सडकेचा आकडा, क्वार्टरचा आकडा. दारावरच्या पाटीवर कुसुमचं नाव. क्वार्टर तिच्या नावावर, आणि दवाखान्याच्या कार्डावर मी तिचा 'आश्रित'. आश्रित! हा शब्द मी नंतर कुठेच वापरला नाही, अगदी दुसऱ्यांच्या अर्जातसुद्धा नाही. अंगणातलं पेरूचं झाड तेवढं कोणाच्याच नावावर नव्हतं, म्हणून मी बराच वेळ त्याच्याखाली बसत असे. शेजारी विचारत, "आप सिस्टर के भाई हो क्या?" मी म्हणे, "नहीं, हजबंड." मग पुढचा प्रश्न, "कौन से शॉप में हो?" शॉप म्हणजे प्लांटमधला विभाग, हे मला महिनाभराने कळलं. तोवर मी इमानदारीने सांगत होतो की आमचं दुकान नाही, शेती आहे.

प्लांटची भरती निघाली तेव्हा मुलाखतीला गेलो. समोरच्या साहेबाने विचारलं, "क्या कर लेते हो?" मी म्हणालो, "लिख लेता हूँ." त्याने विचारलं, "क्या लिख लेते हो?" तोंडातून निघालं, "कुछ भी." नोकरी मिळाली नाही, पण माझ्या उरलेल्या आयुष्याचा धंदा मात्र त्या दोन शब्दांत ठरून गेला.

मी काय लिहिलं नाही ते विचारा. दुर्गच्या कचेरीसमोर टेबल मांडून अर्ज लिहिले. मी अर्ज वाचून दाखवला की अर्जदारच डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "इतना भी नहीं हुआ है भैया, थोड़ा कम कर दो." भिलाईतल्याच सुपेल्याच्या छापखान्यात बसून लग्नपत्रिका लिहिल्या, मराठीत, हिंदीत आणि दोन्हीच्या मधल्या भाषेत. ऑटोत बसून भोंग्यावरून साड्यांच्या सेलची जाहिरात केली, मजकूर माझा आणि आवाजही माझाच. मराठी मंडळाच्या गणपतीत नाटकं लिहिली आणि ऐनवेळी न आलेल्यांची कामंही केली. एका साप्ताहिकात राशिभविष्य लिहीत होतो. एकदा लिहिलं की कन्या राशीच्या लोकांनी या आठवड्यात घराबाहेर पडू नये. कुसुमच्या वॉर्डातल्या तीन सिस्टर कन्या राशीच्या निघाल्या. तिघींनी रजा टाकल्या आणि कुसुमला लागोपाठ दोन ड्यूट्या कराव्या लागल्या. घरी येऊन चपला काढता काढता ती म्हणाली, "पुढच्या हप्त्यात कन्या राशीले कामावर पाठवा." पाठवलं. एक कथासंग्रहही छापला. त्याच्या उरलेल्या प्रती दिवाणाखाली आहेत. उरलेल्या म्हणजे जवळपास सगळ्याच.

गावी आईला वाटायचं, पोरगा मोठा लेखक झाला. भिलाईत माझं नाव कोणाला माहीतच नव्हतं. मी 'राइटर साहब'. आणि राइटर साहब सकाळी बायकोचा डबा भरून देई, तिची लुना पुसून ठेवी, मग कामाला निघे. यात कमीपणा वाटायचा का? खरं सांगतो, कमीपणा नाही वाटला, भीती वाटायची. शेजारच्या क्वार्टरात भांडण झालं की बायको माहेरी जायला निघायची. आमच्यात भांडण झालं असतं तर निघायला मला लागलं असतं. म्हणून मी भांडलोच नाही. बाबांनी सांगितलं होतं तसा आवाज खाली ठेवला, आणि लोक म्हणत, काय सालस नवरा मिळाला सिस्टरला!

शेवटी ज्या लिहिण्याने मला ओळख दिली, ते म्हणजे मानपत्र. प्लांटमध्ये माणूस कधीही साठीचा होवो, रिटायर होतो महिन्याच्या शेवटच्या दिवशी. त्या दिवशी शाल, नारळ, हार, ढोलवाले, आणि फ्रेम केलेलं मानपत्र. ते वाचून दाखवतात, मग माणसाला गुलाल लावून, गाडीत बसवून घरी पोचवतात. महिन्याची अखेर आली की माझ्या टेबलावर आठ-दहा मानपत्रं पडत. माझे ठरलेले साचे होते, हिंदीतले; इथे मराठीत सांगतो. पुरुष असेल तर 'भट्टीच्या धगीलाही ज्यांचे हास्य सुकवता आले नाही'. बाई असेल तर 'पतीची खंबीर साथ लाभली'. नाव बदलायचं, विभाग बदलायचा, की झालं.

शेवटची ओळ मात्र कधी साच्यातली नसे. क्वार्टर प्लांटचा. नोकरी सुटली की आज ना उद्या तो सोडावा लागतो. म्हणून रिटायर होणाऱ्याला सगळ्यात आधी एकच विचारतात, "अब कहाँ?" ओडिशा, आंध्र, बिहार, केरळ, आपला विदर्भ, कुठून कुठून माणसं इथे आली, इथेच म्हातारी झाली. आता ती राहणार कुठे? ते मानपत्राच्या शेवटच्या ओळीत असतं. हॉलमध्ये ती ओळ आली की लोक कान देतात, काही जण खिशातून डायरी काढून पत्ता उतरवतात, कारण उद्या लग्नाची पत्रिका कुठे पाठवायची हा प्रश्न असतो. बाकीचं मानपत्र कोणी ऐकत नाही, हे मी वीस वर्षं पाहिलं आहे.

या ओळीने एकदा माझी फजिती केली. बोरकरकाका म्हणून क्रेनवर होते, आपल्या गोंदियाकडचे. मला म्हणाले, "लिहून टाक, आता गावी राहाणार." मी लिहून टाकलं, आणि हॉलमध्ये झोकात वाचलं. पहिल्या रांगेतून काकू उठल्या. "कोन जाते गावाले? मी नाही जात. तुमी जा, अन् भाकरीबी तुमीच थापा." ढोलवाला ढोल गळ्यात अडकवून तसाच उभा. काका शाल सावरत बसले. काकूंना ती बातमी माझ्या तोंडून, माइकवरून कळली होती. तेव्हापासून मी नियम केला: नवरा आणि बायको, दोघांना वेगवेगळं विचारल्याशिवाय शेवटची ओळ लिहायची नाही. या नियमाने किती घरं वाचवली म्हणून सांगू! लोक मला हसत, राइटर साहब मानपत्र लिहितात की साक्षी-पुरावे घेतात.

आणि मग मीच काय केलं ते ऐका.

मागच्या दिवाळीत मी एकटाच गावी गेलो होतो. कुसुमला रजा नव्हती, मार्चअखेर ती रिटायर होणार म्हणून हाताखालच्यांना कामं समजावून देत होती. दादाचे गुडघे आता साथ देत नाहीत. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी दादा होता. बाबा गेले तेव्हाही दादाच. मी दोन्ही वेळा बातमी कळल्यावर गेलो, तेरा दिवस राहिलो, आणि परत आलो. दादाने कधी बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. ओसरीत चहा पिता पिता तो म्हणाला, "आता कुसुम बी रिटायर होऊन राहिली. कोटर त जाईन. मंग येता का नाही इकडं? पूर्वेकडची खोली तशीच पडून हाये." मी तोंड उघडलं ते "पाहू" म्हणायला. निघालं, "हाव. येतो. चैत्रात येतो." दादाने मान डोलावली. आतून वहिनीने विचारलं, "दोघंही?" मी म्हणालो, "दोघंही."

कुसुमला मी विचारलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत डोंगरगड येता येता बोरकरकाकू डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. ठरवलं, घरी गेल्या गेल्या सांगायचं. घरी गेलो तर कुसुम वाटाणे सोलत बसली होती. "सगळे बरे हायेत?" तिने विचारलं. "बरे हायेत." "दादाजीचे गुडघे?" "तसेच." मग आम्ही दोघांनी मिळून वाटाणे सोलले.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? विचारायचं. अहो, पण तिने नाही म्हटलं असतं तर? दादाला काय तोंड दाखवणार? त्यात आयुष्यात पहिल्यांदा त्याला हो म्हणालो होतो. पण खरी भीती ती नव्हती. मोठ्या लेखकांसारखं आडून सांगत नाही, उघड सांगतो. मला भीती होती की ती शांतपणे म्हणेल, "तुमी जा. मी इथंच राहाते." इतकी वर्षं एक क्वार्टर होता, त्यात ती राहायची म्हणून मी राहायचो. क्वार्टर गेला की मग ती मला कशासाठी सोबत ठेवेल? मी तिला आणून काय दिलं होतं? एक पोतं तांदूळ, तेही पहिल्याच वर्षी संपलेलं.

तिकडून दादाचे फोन येऊ लागले. "खोली लिपून झाली." आठवड्याने, "फरशी बसवून राहिलो." पुढच्या महिन्यात, "पंखा लावला." प्रत्येक फोनला मी नुसतं 'बरं' म्हणे. एकदा तर फरशीचा रंग कोणता घ्यावा हेही त्याने मला विचारलं, आणि मी रंग सांगितलासुद्धा! कुसुम तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. "कोनाची फरशी?" "गावाकडची," मी म्हणालो. "हो का," ती म्हणाली आणि टॉवेल कपाटात ठेवला.

आमची पोरगी रेणू रायपूरला नोकरीला आहे. तिला मात्र मी फोनवर सांगून टाकलं होतं. ती दर रविवारी विचारायची, "पप्पा, मम्मीला विचारलं का? सच बताओ."

"विचारतो गं."

"मतलब नहीं पूछा. पप्पा, तुम्ही पूरी भिलाईला विचारून मानपत्र लिहिता यार, आणि घरच्या घरी..."

"तू नको सांगू तिला."

"मी कशाला सांगू? ते तुमचं तुम्हीच करा."

मार्च उजाडला. एक दिवस कुसुम चहा गाळता गाळता म्हणाली, "माझं मानपत्र तुमीच लिहाल ना?"

"दुसरं कोण लिहिणार?"

"मंग एक सांगते. ते पतीची खंबीर साथ वगैरे छापील नका घालू. अन् खोटं काही लिहू नका."

आता तुम्हीच सांगा, मानपत्रात खोटं नाही लिहायचं तर लिहायचं काय? पण मी लिहिलं. रात्रपाळ्या लिहिल्या, भाजून आलेल्या कामगारांच्या पट्ट्या लिहिल्या. तिने ज्यांचं नाव कधी विचारलं नाही पण ज्यांना ती आठवते, अशी माणसं लिहिली. 'पतीची साथ' काढून टाकलं आणि तिथे लिहिलं, 'घरचा एक माणूस त्यांनी न बोलता सांभाळला.' लिहिताना रडलो, हे कबूल करतो. सगळं झालं आणि शेवटच्या ओळीशी येऊन पेन थांबलं. तीन दिवस थांबलं. सुपेल्याच्या छापखानेवाल्याने कागद वर-खाली पाहिला आणि म्हणाला, "राइटर साहब, आखरी लाइन कहाँ है?" मी म्हणालो, "जगह छोड़ दो, हाथ से लिखूँगा." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तबियत ठीक है ना?"

तबियत ठीक नव्हती. शेवटच्या आठवड्यात मला जेवण जाईना. रोज सकाळी ठरवायचो, आज विचारतो. ती ड्यूटीवर जाताना दारात उभा राहायचो आणि म्हणायचो, "पाण्याची बाटली घेतली का?" ती म्हणायची, "घेतली." क्षणभर थांबायची, माझ्याकडे पाहायची, मग निघायची. ती का थांबते ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

मार्चच्या अखेरीला दवाखान्याचा हॉल भरला. सिस्टर, आया, ड्रेसर, डॉक्टर, आणि जुने बरे झालेले कितीतरी जण. कुसुम हार घालून मधल्या खुर्चीवर, तिच्या शेजारी रेणू. माझ्या हाती माइक आणि फ्रेम. फ्रेमची मागची फळी मी मुद्दाम सैल ठेवली होती, खिशात पेन होतं, आणि मनात असं की वाचता वाचता काहीतरी सुचेल. एवढी वर्षं काही ना काही सुचतच आलं होतं. वाचलं. 'घरचा एक माणूस'वर लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग कागद संपला. पाठीमागून मोठ्या मॅडम, कुसुमच्या साहेब, हसत म्हणाल्या, "राइटर साहब, पता तो बताइए! अब कहाँ?" दोन-तीन जणांनी डायऱ्या काढल्याच होत्या.

मी म्हणालो, "लिखा नहीं है."

लोक हसले. त्यांना वाटलं, थट्टा आहे. मी पुन्हा म्हणालो, "सच में नहीं लिखा है. मैंने इनसे पूछा ही नहीं." आणि माइक हातात आहे हे विसरून मी कुसुमकडे वळून आपल्या बोलीत बोलायला लागलो. "दादाले मी हो म्हणून बसलो, दिवाळीतच. तुले न विचारता. चैत्रात येतो म्हटलं, दोघं. पाच महिने झाले, मले सांगताच नाही आलं. सांगितलं असतं अन् तू म्हटलं असतं का तुमी जा, त मी कुठं गेलो असतो?" हॉलमधल्या अर्ध्या लोकांना मराठी येत नाही, पण डायऱ्या परत खिशात गेल्या. रेणूने डोक्याला हात लावला.

कुसुम उठली. हार काढून खुर्चीवर ठेवला आणि माझ्याजवळ आली. "मले मालूम आहे," ती म्हणाली. "जाऊबाईनं दिवाळीतच फोनवर सांगतलं."

"मंग बोलली कावून नाही?"

"तुमी कधी विचारता म्हणून वाट पाहून राहिली होती. रोज दारात थांबत होती, तरी तुमी पाण्याची बाटलीच विचारता."

"मंग आता विचारतो," मी म्हणालो. "कुठं राहायचं?"

"मले इथं राहायचं आहे. इतकी वर्षं ज्या गावाले मी पाहुणी म्हणून गेली, तिथं म्हातारपणी कोनाले ओळखू? सुपेल्यात बाजाराच्या मागं दोन खोल्या पाहून ठेवल्या. घेतल्या नाहीत. तुमाले विचारल्याबिगर कशी घेऊ?"

तिथे, सगळ्यांसमोर, मला जेवढी लाज वाटली तेवढी आश्रित म्हणून कार्डावर नाव चढलं तेव्हाही वाटली नव्हती. नियम माझा, आणि पाळला तिने. मी फ्रेमची फळी काढली, कागद टेबलावर ठेवला आणि हिंदीत शेवटची ओळ लिहिली. मग माइकवर वाचली. मराठीत ती अशी होते: 'कुसुम सिस्टर यापुढे सुपेल्यात राहतील, आणि त्यांनी ठेवून घेतलं तर त्यांचे पतीही.' हॉल हसला, टाळ्या पडल्या. कुसुम हसली नाही. तिने 'ठेवून घेतलं तर'वर बोट ठेवलं. "एवढं खोडा," ती म्हणाली. मी खोडलं. ते मानपत्र खाडाखोडीसकट आता आमच्या नव्या भिंतीवर आहे, आणि येणारा-जाणारा विचारतो की छापखानेवाल्याने हे काय करून ठेवलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने झोपलो असतो. पण दादा होता ना तिकडे. लिपलेली खोली, फरशी, पंखा. मी आठ दिवस फोन हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. भरीस भर म्हणजे आता कुसुमही विचारायला लागली, "दादाजीले सांगतलं का?" शेवटी एका सकाळी सुपेल्याच्या नव्या अंगणात उभा राहून, बाहेर भाजीवाले ओरडत असताना, मी फोन लावला. "दादा," मी म्हणालो, "मी नाही येऊन राहिलो. चूक झाली माझी. तू खोली करून ठेवली, खर्चात पडला..."

"कोनती खोली?" दादा म्हणाला. "ते त प्रफुल्लसाठी होय. वैशाखात लग्न हाये त्याचं. सुनेले फरशी पाहिजे होती." प्रफुल्ल म्हणजे दादाचा धाकटा.

मी विचारलं, "पण मी हो म्हटलं होतं ना तुले?"

"हाव, म्हटलं होतं." दादा हसला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. "तवाच समजलो मी का हा येत नाही. अगा वसंता, येणारा माणूस असा फटकन हो नाही म्हणत. येणारा माणूस म्हणते, थांब, पहिले घरी विचारतो. तुयं घर तिथं हाये, लेका. किती वर्षं झाले तिथंच हाये. तुलेच कोनी सांगतलं नाही वाटते."

"मंग तू कावून नाही सांगतलं? पाच महिने माझ्या पोटात अन्न नाही दादा!"

"मी काय सांगू? तुले वाटून राहिलं होतं का इकडं कोणी वाट पाहाते. मले बी ते बरं वाटत होतं."

तिकडून गाईच्या घुंगरांचा आवाज येत होता, वहिनी कोणाला तरी हाका मारत होती. दादाने घसा साफ केला. "बरं, लग्नाले आठ दिवस पहिले या दोघं. मांडवाचं तुलेच पाहा लागते. अन् पत्रिकेचा मजकूर तूच लिही. येशीन ना?"

"हाव" माझ्या ओठावर आलंच होतं. आत कुसुम नव्या फळीवर डबे लावत होती, त्यांचा खणखणाट ऐकू येत होता.

"थांब दादा," मी म्हणालो. "घरी विचारून सांगतो."